छापलं नाही, तरी ‘पब्लिश’ झालं

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना वकिलाची नोटीस आली. दोन वर्षांचा हिशेब मागूनही मिळेना, म्हणून त्यांनी वहीतल्या रेघांच्या कागदावर स्वतःच्या अक्षरात चार प्रश्न लिहिले आणि तो कागद लिफ्टशेजारच्या फळ्यावर टाचणीनं लावला. चौथ्या प्रश्नात एका पदाधिकाऱ्याचं नाव होतं. नोटीस इंग्रजीत होती आणि तिच्यात ‘पब्लिश्ड’ हा शब्द तीनदा आला होता. मी भाषांतराची कामं करतो, म्हणून काका तो लिफाफा घेऊन माझ्याकडे आले.

“अहो, मी कुठे काय छापलंय? हातानं लिहिलेला साधा कागद तो. पब्लिश करणं म्हणजे पुस्तक काढणं ना?”

त्यांना त्या संध्याकाळी मी सांगितलं ते अर्धवटच होतं. नंतर या शब्दाच्या मागे लागलो तेव्हा त्याचा पसारा लक्षात आला. ‘पब्लिश’ म्हणजे छापणं, हा समज आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात पक्का बसलेला आहे. पण हा शब्द इंग्रजीत आला तेव्हा युरोपात छापखानाच नव्हता.

मूळ लॅटिन आहे. ‘पॉप्युलस’ म्हणजे लोक. त्यावरून ‘पब्लिकस’, म्हणजे लोकांचं, सर्वांच्या मालकीचं. आणि त्यावरून क्रियापद ‘पब्लिकारे’, म्हणजे एखादी गोष्ट सर्वांची करून टाकणं. रोममध्ये एखाद्याची मालमत्ता सरकारजमा झाली, तरी हेच क्रियापद वापरत. काल एका माणसाचं होतं, आज ते सगळ्यांचं झालं. मला या शब्दाचा हा जुना, थोडा कठोर अर्थ फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या दोन हजार वर्षांत शब्दानं कितीही रूपं बदलली तरी हे हस्तांतर त्यातून गेलेलं नाही. याच घराण्यातला ‘पब्लिकन’ रोममध्ये सरकारी कर वसूल करणारा ठेकेदार होता. इंग्लंडात तो पुढे सर्वांना उघड्या असलेल्या ‘पब्लिक हाऊस’चा, म्हणजे पबचा चालक झाला.

लॅटिनमधून शब्द फ्रेंचमध्ये गेला आणि तिथून चौदाव्या शतकात इंग्रजीत आला. गुटेनबर्गनं जर्मनीत बायबल छापलं ते १४५५ च्या सुमारास, आणि विल्यम कॅक्स्टननं लंडनजवळ वेस्टमिन्स्टरला पहिला इंग्लिश छापखाना घातला तो १४७६ साली. म्हणजे शंभरहून अधिक वर्षं इंग्रज माणूस छापखान्याशिवाय ‘पब्लिश’ करत होता. कसं? तोंडानं. राजाचा हुकूम चौकात वाचून दाखवला, की तो पब्लिश झाला. लग्न ठरलं, की चर्चमध्ये वधूवरांची नावं सर्वांसमोर वाचायची आणि कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणायचं. १२१५ सालच्या लॅटरन परिषदेनं ही प्रथा सगळ्या कॅथलिक जगाला लागू केली, आणि इंग्रजीत त्याही वाचनाला ‘पब्लिश’ करणंच म्हणतात. वसईत आणि गोव्यात चर्चमध्ये आजही लग्नाआधी अशी नावं वाचली जातात.

आपल्याकडे यासाठी नेमका शब्द होता, दवंडी. ढोल वाजवून, चार माणसं जमवून, मोठ्यानं सांगणं. जुन्या इंग्रजीतला ‘पब्लिश’ हा दवंडीचा जवळचा नातेवाईक आहे, पुस्तकाचा नव्हे.

१६११ साली इंग्लंडात राजा जेम्सच्या काळातलं बायबल आलं. त्यात मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात एक प्रसंग आहे. येशू एका कुष्ठरोग्याला बरं करतो आणि कुणाला काही सांगू नकोस म्हणून बजावतो. पण त्या माणसाला राहवत नाही. तो गावभर सांगत सुटतो. या सांगत सुटण्यासाठी तिथे ‘पब्लिश’ हा शब्द वापरलेला आहे. ज्याला काल लोक जवळ येऊ देत नव्हते, तो माणूस आज रस्त्यात दिसेल त्याला आपली कातडी दाखवत असणार. त्याच्या हातात ना कागद, ना शाई.

याच सुमाराच्या, शेक्सपिअरच्या ‘द विंटर्स टेल’ या नाटकात राणी हर्मायनीवर नवरा भर दरबारात व्यभिचाराचा आळ घेतो. ती त्याला म्हणते, की खरं कळेल तेव्हा, मला असं ‘पब्लिश’ केल्याचं तुम्हाला दुःख होईल. माणसाला पब्लिश करणं! आपण म्हणू, चव्हाट्यावर आणणं. म्हणजे चांगल्या बातमीसाठी आणि अब्रू घालवण्यासाठी शब्द एकच. काकांच्या नोटिशीतला शब्द हा असा थेट हर्मायनीच्या दरबारातून आलेला होता.

पुस्तक काढणं हा अर्थही चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत आहेच. पण तेव्हा पुस्तक हातानंच उतरवून घ्यायचं होतं. लेखकानं ते आपल्या पेटीतून बाहेर काढून दुसऱ्याला नक्कल करायला दिलं, की ते पब्लिश झालं.

आता आपला शब्द. इंग्रजीला लोक दिसले, आपल्याला उजेड दिसला. प्रकाशन. मला आधी वाटायचं, की हे नुसतं काव्य आहे, ज्ञानाचा उजेड वगैरे. तसं नाही. संस्कृत नाटकं वाचताना कंसातल्या रंगसूचना आठवून पाहा. पात्र मनातल्या मनात बोलतं तिथे ‘स्वगतम्’ किंवा ‘आत्मगतम्’ लिहिलेलं असतं. आणि तेच पात्र इतरांना ऐकू जाईल असं बोलू लागतं तिथे लिहिलेलं असतं ‘प्रकाशम्’. म्हणजे उघडपणे, मोठ्यानं. संस्कृतात ‘प्रकाश’ला दिव्याच्या उजेडाबरोबर हाही अर्थ होता. त्यामुळे एकोणिसाव्या शतकात पुस्तक बाहेर काढण्याच्या कामासाठी हा शब्द रुळला, तेव्हा तो तोंडी जाहीर करण्याचा जुना अर्थ पोटात घेऊनच आला. मनातलं होतं ते मोठ्यानं म्हटलं. लॅटिन आणि संस्कृत इतक्या लांबून येऊन एकाच जागी भेटलेल्या पाहून मला खरंच आनंद झाला.

दुसऱ्या भाषांनी त्याच कामात वेगळंच काही पाहिलं. फ्रेंचमध्ये प्रकाशकाला ‘एदितर’ म्हणतात. ते लॅटिन ‘एदेरे’वरून आलं, म्हणजे बाहेर देणं. इंग्रजीत त्याच धातूचा ‘एडिटर’ झाला आणि तो संपादकाच्या खुर्चीत जाऊन बसला. फ्रेंचमधून भाषांतर करणाऱ्याची इथे हमखास गफलत होते. जर्मनमध्ये प्रकाशनसंस्थेला ‘फेरलाग’ म्हणतात, आणि त्यामागच्या क्रियापदाचा इथला अर्थ आहे आधी पैसे घालणं, भांडवल पुरवणं. उर्दूत ‘नाशिर’, म्हणजे पसरवणारा. एकाच माणसाला कुणी देणारा म्हणतं, कुणी पैसे घालणारा, कुणी पसरवणारा, आणि आपण उजेडात आणणारा. खरं तर तो ही चारही कामं करतो.

मराठीत ‘प्रकाशन’ला आणखी एक अर्थ चिकटलाय, समारंभाचा. मंचावर चकचकीत कागदात गुंडाळलेल्या चार-पाच प्रती असतात, प्रमुख पाहुणे रिबीन सोडतात, कागद फाटल्याचा आवाज माईकमधून येतो, आणि सगळे ओळीनं उभे राहून मुखपृष्ठ श्रोत्यांकडे करून पुस्तक छातीशी धरतात. फोटो निघेपर्यंत कुणी हलत नाही. पुस्तक त्याआधी कधीच बाइंडरकडून आलेलं असतं, प्रकाशनपूर्व सवलतीत काही प्रतींचे पैसेही जमा झालेले असतात. तरी आपण म्हणतो, ‘आज प्रकाशन झालं.’ आणि शब्दाच्या मुळाशी गेलं तर आपलं बरोबरच आहे. छापणं बंद दाराआड झालं होतं. लोकांसमोर आज आलं.

छापणारा वेगळा आणि प्रकाशित करणारा वेगळा, ही फारकत मात्र सावकाश झाली. कॅक्स्टन स्वतःच भाषांतर करायचा, स्वतः छापायचा, स्वतः विकायचा. पुढे लंडनमध्ये पैसे घालण्याचं काम पुस्तकविक्रेत्यांकडे गेलं. आजचा प्रकाशक जे करतो ते सगळं तेव्हाचा पुस्तकविक्रेता करायचा. सॅम्युअल जॉन्सनच्या प्रसिद्ध इंग्रजी शब्दकोशाच्या १७५५ सालच्या मुखपृष्ठावर मुद्रक म्हणून एकाचं नाव आहे आणि त्याखाली ‘यांच्यासाठी’ म्हणून विक्रेत्यांची अख्खी यादी आहे. या विक्रेत्यांनी मिळून १७४६ साली जॉन्सनशी १,५७५ पौंडांचा करार केला होता. काम प्रकाशकाचं, पैसा प्रकाशकाचा, जोखीम प्रकाशकाची, पण पानावर ‘पब्लिशर’ हा शब्द नाही. खुद्द त्या कोशात ‘पब्लिश’चा पहिला अर्थ जाहीर करणं हाच दिलाय, पुस्तकाचा अर्थ त्यानंतर येतो. धंद्याचं नाव म्हणून ‘पब्लिशर’ हा शब्द त्याच शतकात रुळू लागला आणि एकोणिसाव्यात पक्का झाला.

दरम्यान कायद्यानं हा शब्द उचलला होता. इंग्लंडच्या राणी अ‍ॅनच्या काळातला १७१० सालचा कायदा हा आजच्या कॉपीराइटचा पूर्वज. नव्या पुस्तकाला त्यानं १४ वर्षांचं संरक्षण दिलं, आणि ही वर्षं मोजायची ती पुस्तक पहिल्यांदा पब्लिश झाल्याच्या दिवसापासून. लिहून झाल्याच्या किंवा छापून झाल्याच्या दिवसापासून नव्हे.

भारतात १८६७ साली छापखान्यांचा आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला. त्याचं तिसरं कलम मी कितीदा वाचलं असेन. प्रत्येक पुस्तकावर किंवा कागदावर मुद्रकाचं नाव आणि छापल्याचं ठिकाण असलंच पाहिजे, आणि तो कागद ‘पब्लिश झाला असेल तर’ प्रकाशकाचं नाव आणि प्रकाशनाचं ठिकाण. त्या ‘तर’मध्ये सगळं आलं. छापलेलं सगळंच प्रकाशित नसतं, हे कायद्याला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. जुन्या मराठी पुस्तकांवर ‘छापून प्रसिद्ध केले’ असे दोन वेगळे शब्द असतात ते उगाच नाहीत. हा कायदा दीडशेहून अधिक वर्षं टिकला. नियतकालिकांसाठी २०२३ साली नवा कायदा झाला आणि १ मार्च २०२४ पासून तो लागू आहे. वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात मुद्रक-प्रकाशक-संपादकाची जी ओळ असते, तिची परंपरा ही अशी जुनी आहे.

ती ओळ फक्त उपचार नव्हता. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात दोन आरोपी होते, ‘केसरी’चे संपादक-प्रकाशक बाळ गंगाधर टिळक आणि छापण्याचं काम पाहणारे केशव महादेव बाळ. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली, बाळ सुटले.

आता काकांच्या प्रश्नाकडे. बदनामीच्या कायद्यात ‘पब्लिकेशन’ होण्यासाठी काय लागतं? एक तिसरा माणूस. बस्स. मी तुमच्याबद्दल काही वाईट लिहिलं आणि तो कागद माझ्या खणात ठेवला, तर प्रकाशन नाही. बंद पाकिटात घालून फक्त तुम्हालाच पाठवला आणि तुम्ही एकट्यानं वाचला, तरी दिवाणी कायद्याच्या नजरेत प्रकाशन नाही. पण तोच मजकूर पोस्टकार्डावर लिहून टाकला तर आहे, कारण वाटेत कुणीही वाचू शकतं. टायपिस्टला सांगून लिहून घेतला तरी आहे, असं इंग्लंडच्या न्यायालयानं १८९१ सालीच म्हटलंय. हजार प्रतींची गरज नाही, शाईची गरज नाही. बोलणारा, ज्याच्याबद्दल बोललं तो, आणि ऐकणारा एक तिसरा.

हा तिसरा माणूस नेमका कोण, यावरून न्यायालयात फार बारकाईनं वाद झालेत. १९१५ सालच्या एका इंग्लिश खटल्यात नवऱ्यानं बायकोला पाठवलेलं पत्र घरच्या बटलरनं कुतूहलापोटी उघडून वाचलं. पाकीट चिकटवलेलंही नव्हतं. तरी न्यायालय म्हणालं, हे प्रकाशन नाही, कारण मालकिणीची पत्रं उघडणं हे बटलरचं काम नव्हे, तो असं करील हे लिहिणाऱ्यानं गृहीत धरायला नको होतं. पाटणा उच्च न्यायालयासमोर १९५८ साली असाच एक खटला आला. पत्र उर्दूत होतं, ज्याला आलं त्याला उर्दू वाचता येत नव्हतं, म्हणून त्यानं ते दुसऱ्याकडून वाचून घेतलं आणि चारचौघांत अब्रू गेली. न्यायालयानं विचारलं, लिहिणाऱ्याला हे ठाऊक होतं का, की याला उर्दू येत नाही? ठाऊक होतं असं सिद्ध झालं नाही, म्हणून प्रकाशनही झालं नाही. एखाद्या शब्दाचा अर्थ माणसाच्या मनातल्या माहितीवर इतका अवलंबून असावा, हे मला विलक्षण वाटतं.

सगळ्यात विलक्षण गोष्ट मात्र ब्रन्सविकच्या ड्यूकची. १८३० साली लंडनच्या एका साप्ताहिकात त्याच्याविरुद्ध मजकूर आला होता. इंग्लंडात तेव्हा खटला भरायची मुदत सहा वर्षांची होती, ती केव्हाच संपली. सतरा वर्षांनी त्यानं आपला नोकर त्या साप्ताहिकाच्या कचेरीत पाठवला आणि जुन्या अंकाची एक प्रत विकत आणवली. मग म्हणाला, ही प्रत तुम्ही आज एका माणसाला दिलीत, म्हणजे आज तुम्ही पब्लिश केलंत, मुदत आजपासून मोजा. १८४९ साली न्यायालयानं ते मान्य केलं आणि त्याला ५०० पौंडांची भरपाई मिळाली. तिसरा माणूस स्वतःचाच नोकर होता, तरीही.

या निकालानं इंग्लंडात दीडशेहून अधिक वर्षं राज्य केलं. इंटरनेट आल्यावर तो अवघड होऊन बसला, कारण जुनं पान कुणीही, कधीही उघडतं. प्रत्येक उघडण्याला नवं प्रकाशन मानलं तर मुदत कधी संपणारच नाही. शेवटी २०१३ च्या कायद्यानं इंग्लंड-वेल्समध्ये नियम बदलला. आता त्याच प्रकाशकानं तोच मजकूर पुन्हा दिला, तर एक वर्षाची मुदत पहिल्या प्रकाशनापासूनच धरतात. अमेरिकेत १९९६ सालच्या एका कायद्याचं २३० वं कलम म्हणतं, की दुसऱ्यानं लिहिलेल्या मजकुराचा ‘पब्लिशर’ म्हणून संकेतस्थळ चालवणाऱ्याला धरता येणार नाही. आजच्या मोठमोठ्या समाजमाध्यमांचा डोलारा याच एका शब्दाच्या नकारावर उभा आहे. आपल्याकडे भारतीय दंडसंहितेत १८६० पासून ‘करतो किंवा प्रसिद्ध करतो’ असे दोन्ही शब्द होते, आणि आता भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमातही तसेच आहेत. कुणाची तरी बदनामी करणारा निरोप कौटुंबिक गटावर पुढे ढकलताना ‘मी कुठे लिहिलंय, फक्त फॉरवर्ड केलं’ असं जो म्हणतो, त्यानं हे दुसरं क्रियापद नीट वाचावं अशी माझी कळकळीची विनंती आहे.

शब्दाची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण प्रसिद्ध न करण्यानंही माणसाचं नुकसान होतं. जयपूर संस्थानात १९२३ साली मंत्रिमंडळानं एका ठरावानं अफूचा कायदा मंजूर केला, पण तो कुठेही प्रसिद्ध केला नाही. ना राजपत्रात, ना कुठल्या मार्गानं लोकांत. पुढे हरला नावाच्या माणसाला या कायद्याखाली ५० रुपये दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९५१ साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी निकाल दिला, की बंद खोलीत मंजूर झालेला आणि लोकांना कळण्याची सोयच नसलेला कायदा कुणालाही बांधू शकत नाही. बोस हे नागपूरचे, तिथल्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले. पन्नास रुपयांच्या दंडासाठी लढलेल्या त्या माणसामुळे, आपल्याला लागू होणारा कायदा आपल्याला आधी वाचता आला पाहिजे, हे तत्त्व या देशात पक्कं झालं. लॅटिनमधला ‘लोकांचं करणं’ हा अर्थ इतक्या शुद्ध रूपात मला दुसरीकडे कुठे दिसला नाही.

विज्ञानातही हेच. सह्याद्रीत एखादी नवी वनस्पती सापडली, तिचे नमुने जपून ठेवले, परिषदेत तिच्याबद्दल भाषणही केलं, तरी नाव मिळत नाही. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे वर्णन प्रकाशित झालं की नाव लागू होतं. १ जानेवारी २०१२ पासून ठरावीक अटींवर केवळ ऑनलाइन प्रकाशनही चालतं. पेटंटमध्ये उलटी गंमत आहे. अर्ज करण्याआधी शोध जगजाहीर केला तर बहुधा हक्क जातो. आणि अर्ज केला की साधारण १८ महिन्यांनी कार्यालय स्वतःच तो प्रसिद्ध करतं. हक्क हवा असेल तर गुपित लोकांना द्यायचं, असा तो सौदा आहे.

हे सगळं मी काकांना नंतर दोन-तीन बैठकांत सांगितलं. ते निवृत्त शिक्षक, त्यांनी वहीत टिपून घेतलं. त्यांच्या वकिलानं उत्तरात प्रकाशनाचा मुद्दा काढलाच नाही. फळ्यावर लावलेला कागद प्रकाशितच असतो, तिथे भांडण नव्हतं. भांडण होतं चौथ्या प्रश्नातल्या एका वाक्याचं, आणि ते वाक्य, काकांनीच मान्य केलं, माहितीपेक्षा रागातून आलं होतं. शेवटी तडजोड झाली. समितीनं दोन वर्षांचा हिशेब सभेत वाचून दाखवला आणि काकांनी ते एक वाक्य मागे घेतलं.

मागे घेतल्याचा मजकूर त्याच फळ्यावर लावायचा ठरला. आधीचा कागद तीन दिवस होता, हा पंधरा दिवस ठेवायचा, असं काका स्वतःच म्हणाले. लावण्याआधी ते मला तो दाखवायला घेऊन आले. तसाच रेघांचा कागद, तेच टपोरं अक्षर. मजकूर चार ओळींचा होता. आणि सगळ्यात वर, मधोमध, खाली रेघ मारून त्यांनी लिहिलं होतं: ‘प्रसिद्धीसाठी’.